मार्ताच्या आईचा नववा दिवस

लेस्टरच्या त्या घराचं दार आता राखाडी आहे. आमच्या वेळी ते गडद हिरवं होतं आणि दमट हवेत फुगून बसायचं. खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये लॅबमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीचं जेवण होतं, म्हणून लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरहून मी लेस्टरला गेले होते. जेवण दुपारीच संपलं. परतीच्या ट्रेनला दोन तास होते. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीच्या दिव्यांच्या माळा अजून उतरवलेल्या नव्हत्या. त्यांच्याखालून चालत, साड्यांची आणि सोन्याची दुकानं मागे टाकत मी डावीकडच्या गल्लीत वळले. एकाला एक चिकटलेली लाल विटांची घरं. बावीस नंबर.

एक तरुण माणूस रिसायकलिंगचा बिन ओढत बाहेर आला. मी त्याच्या घराकडे बघत उभी होते, तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, वीस वर्षांपूर्वी मी इथे राहायचे. तो इतका मोकळा की लगेच म्हणाला, आत येऊन बघा ना. मी नको म्हणाले आणि मग गेले.

किचन आणि मागची खोली यांच्यामधली भिंत त्यांनी पाडली आहे. सगळं एकच, पांढरं, मोठं. जिथे आमचा गॅस कुकर होता तिथे वॉशिंग मशीन आहे. मागच्या अंगणातली विटांची भिंत तेवढी तशीच, वर शेवाळ. तो विचारत होता, किती बदललंय, नाही? मी हो म्हणत होते. आत कपड्यांच्या सुगंधी साबणाचा वास होता. आपण आल्यापासून दुसराच कुठला तरी वास शोधत होतो, हे मला बाहेर पडल्यावर कळलं.

पुढच्या शनिवारी मी दोन किलो पोर्क आणलं, खांद्याचं, चरबीसकट.

*

हा पदार्थ मला मार्ताने शिकवला. शिकवला म्हणजे तिने केला आणि मी कट्ट्याला टेकून बघितला. त्याचं नाव कार्नितास. मांसाचे छोटे तुकडे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मार्ता मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावची होती. तिची आई दर रविवारी गावच्या चौकात हे विकायची. तांब्याची कढई, एवढी मोठी की मार्ता लहानपणी लपाछपीत तिच्यामागे लपायची. शेजारच्या गावात तांबट होते, दिवसभर ठोक्यांचा आवाज चालायचा, असं तिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या पुण्यातही तांबटांची एक आळी आहे. ती म्हणाली, मग तू मला कळशील.

आम्ही दोघी त्या घरात तीन वर्षं राहिलो. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, ती त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत अर्धा वेळ काम करायची आणि संध्याकाळी कॉलेजात इंग्लिश शिकायची. कॅन्टीनच्या नोटीसबोर्डवर तिने चिठ्ठी लावली होती: ‘खोली पाहिजे. मी स्वच्छ आहे. मी गाते.’ मी फोन केला.

महिन्यातून एकदा रविवारी ती कार्नितास करायची. तांब्याची कढई कुठून येणार? बेलग्रेव्ह रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातून तिने लग्नाकार्याचं असतं तसं जाड बुडाचं पातेलं आणलं होतं. घरापर्यंत ते कडेवर घेऊन चालत आली होती. सकाळी मार्केटमधून मांस. मग डुकराची चरबी, जिला इथे लार्ड म्हणतात आणि जी कागदात गुंडाळलेल्या वड्यांमध्ये मिळते, पांढरीशुभ्र, आपल्या डालड्यासारखी. त्या वड्या पातेल्यात वितळायच्या, पाण्यासारख्या निवळ व्हायच्या. त्यात मिठाने चोळलेले मुठीएवढे तुकडे. अर्धं कापलेलं संत्रं सालासकट. तमालपत्र, दालचिनीचा तुकडा. मग गॅस अगदी बारीक करायचा आणि वाट बघायची. तळायचं नाही, मार्ता म्हणायची, त्याला आंघोळ घालायची.

दोन-अडीच तास. पहिला तास घरभर संत्र्याचा वास असायचा. दुसऱ्या तासात तो खाली बसायचा आणि दालचिनी वर यायची. मग एका क्षणी, तो क्षण मला कधीच पकडता आला नाही, वास एकदम जड आणि गोडसर व्हायचा आणि खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायला लागायचं. शेजारच्या गुजराती बाई त्यांची किचनची खिडकी हळूच लावून घ्यायच्या. तीन वर्षांत त्यांनी तक्रार एकदाही केली नाही. फक्त ती खिडकी लावल्याचा आवाज. त्या आवाजावर मार्ता म्हणायची, झालं आता, पंधरा मिनिटं.

शेवटी ती थोडं दूध घालायची आणि गॅस मोठा करायची. इथे पातेल्यापासून हलायचं नाही. मांस आता इतकं मऊ असतं की तळाला धरतं, आणि धरलं की करपतं, आणि करपलं की सगळ्याला तो वास लागतो. सारखं परतत राहायचं. कडा तांबूस होतात, मग तपकिरी. मार्ता या वेळी गायची. गाण्याचे शब्द मला कधी कळले नाहीत. विचारले असते तर तिने सांगितले असते.

*

स्टॅनमोरच्या किचनमध्ये एक्स्ट्रॅक्टर फॅन चांगला आहे. वास फारसा राहत नाही. ईशा, माझी मुलगी, सतरा वर्षांची, वरून खाली आली आणि दारात थांबली.

“आई, तू पोर्क करतेयस?”

“हो.”

“घरी? हा रेसिपी ऑनलाइन मिळाला?”

“ही रेसिपी. मिळाली.”

“ओके, ही रेसिपी. पण कुठून?”

“लेस्टरहून.”

ती फोन ठेवून कट्ट्यावर चढून बसली. तिच्या वयात मी पुण्यात असताना अंडंसुद्धा घराबाहेर, मैत्रिणीकडे खात होते. आमच्या घरात कांदा-लसूण एरवी चालायचा, चातुर्मासात बंद व्हायचा. हे मी तिला सांगितलं. तिने चातुर्मास म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, “आजीला माहीत होतं का, तू हे खातेस?”

आई जाऊन आता सहा वर्षं झाली आहेत.

“एकदा आजी लेस्टरला आली होती,” मी म्हटलं.

*

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा आई पोस्टातून निवृत्त झाली आणि त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. मे, जून, जुलै. ती यायच्या आधी मी मार्ताला सांगितलं की तीन महिने घरात मांस नको. मार्ता म्हणाली, नो प्रॉब्लेम, माझीही चरबी कमी होईल. फ्रिजमधल्या लार्डच्या वड्या तिने लाँड्रीतल्या एका मैत्रिणीकडे नेऊन ठेवल्या. पातेलं मी घासूनपुसून कपाटाच्या वर टाकलं. मी काय खाते, काय नाही, याबद्दल आईला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

आईने फ्रिजवरच्या फळीवर देव मांडले. चार टाक, एक बाळकृष्ण, बाबांचा पासपोर्ट साइझचा फोटो. सकाळी सहाला उदबत्तीचा वास जिन्यावरून वर यायचा. मार्ताला तो आवडायचा. तिला काही लागलं, भाजलं, की ती ‘आय!’ असं ओरडायची. त्यांच्या भाषेत ते नुसतं ‘अरेरे’सारखं आहे. पहिल्या आठवड्यात दर वेळी आई आतून ‘ओ’ द्यायची. नंतर तिला कळलं, तरी ती ओ देतच राहिली.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईकडे पोस्टाच्या काउंटरपुरतं इंग्लिश होतं, मार्ताचं इंग्लिश अजून कॉलेजात शिकत होतं. त्या बाजारात बरोबर जायच्या. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं. त्यात बोलायला लागत नाही.

जुलैच्या सुरुवातीला एका गुरुवारी लाँड्रीतल्या सुपरवायझरने मला लॅबमध्ये फोन केला. मार्ताची आई आदल्या दिवशी गेली होती. मार्ताचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पाठवलेला होता. तो परत यायला अजून काही आठवडे होते. तिला जाता येणार नव्हतं. घरी आले तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती आणि आई तिच्या एक पायरी खाली. आईने तिला पाण्याचा ग्लास दिला होता. तो भरलेलाच होता.

त्यांच्याकडे नऊ दिवस प्रार्थना असते. रोज संध्याकाळी सहा वाजता मार्ता पुढच्या खोलीत मेणबत्ती लावून आईच्या फोटोसमोर बसायची आणि मण्यांची माळ ओढत पुटपुटायची. दुसऱ्या दिवशी आईने दारातून डोकावलं. मला विचारलं, “जप करतेय का ती?”

“तसंच काहीतरी.”

“एकटीच?”

मी भाजी चिरायला घेतली. मला लॅबमधून आल्यावर थकवा असायचा. आई आत गेली, तिची तुळशीची माळ घेऊन आली आणि मार्ताच्या शेजारी खाली बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. दोघी आपापलं पुटपुटत. मी भाजी चिरताना ते ऐकायचे. दोन वेगळ्या लयी, मध्येच एखाद्या मण्यापाशी बरोबर पडायच्या आणि पुन्हा सुटायच्या.

पाचव्या दिवशी मार्ता मला जिन्यात भेटली. तिचे डोळे सुजलेले नव्हते. ती मला नेहमीसारखीच दिसली, फक्त जरा हळू.

“नवव्या दिवशी लोकांना जेवायला बोलवतात,” ती म्हणाली. “लाँड्रीतले पाच-सहा जण येतील. मला कार्नितास करायचंय. माझ्या आईचं. चालेल?”

“मार्ता, आई आहे गं घरात,” मी म्हटलं. “तिला नाही सहन होणार. दुसरीकडे कुठे करता येईल का?”

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

“ओके,” ती म्हणाली. “मी सुपरमार्केटमधून केक आणते.”

आणि ती वर गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी इथे लिहिते आहे, कारण तसंच वाटलं होतं.

*

“केक?” ईशा म्हणाली. “दॅट्स सो सॅड.”

मी गॅस अजून बारीक केला. पातेल्यात बारीक बुडबुडे येत होते, एकेक, अंतर ठेवून. संत्र्याची साल काळपट व्हायला लागली होती. बाहेर कुणीतरी पानं गोळा करायचं मशीन लावलं होतं. ते थांबलं की शेजारच्या बागेतला रॉबिन पक्षी ऐकू यायचा. मग पुन्हा मशीन.

“मार्ता आता कुठे आहे?”

“माहीत नाही. पुढच्या वर्षी ती परत गेली. तीन ख्रिसमसला कार्डं आली. मग मी स्टॅनमोरला आले, पत्ता बदलला.”

“ऑनलाइन शोध ना.”

“शोधलं होतं. त्या नावाच्या शेकडो आहेत.”

*

सहाव्या दिवशी माळ झाल्यावर आईने मार्ताला तिच्या काउंटरच्या इंग्लिशमध्ये विचारलं, नाइन्थ डे, व्हॉट कुकिंग? मार्ता म्हणाली, केक. आई किचनमध्ये आली. मी गवार मोडत होते. ती समोर बसली आणि तिनेही शेंगा घेतल्या.

“आईच्या दिवसाला केक करतात का गं त्यांच्यात?”

“नाही.”

“मग काय करतात?”

“मांस करतात. तिची आई विकायची ते.”

“कसलं?”

“डुकराचं.”

आईने एका शेंगेचा दोरा काढला. दुसरीचा काढला.

“मग ते का नाही करत?”

“आई, इथे? या घरात? फ्रिजवर तुझे देव आहेत.”

“देव काय, उचलता येतात.” ती शेंगा मोडतच होती. “तूच नको म्हणालीस ना तिला?”

मी पुढची शेंग घेतली.

“आणि माझं नाव पुढे केलंस.”

गवारीच्या शेंगा मोडताना टक असा लहान आवाज येतो. आईने ताट आपल्याकडे ओढलं.

“तुझे बाबा गेले तेव्हा,” आई म्हणाली, “तुझ्या काकूने बटाट्याची भाजी केली दहाव्याला, त्यांना आवडायची म्हणून. लोक म्हणाले, दहाव्याला हे नसतं करायचं. तिने केली. मला त्या दिवसातलं दुसरं काहीही आठवत नाही.” मग ताट बाजूला सारून ती उठली. “जा, तिला सांग. आत्ता सांग. आणायला लागेल ना सगळं आधी.”

मी वर गेले. मार्ता पलंगावर बसून मोजे जोडीने लावत होती.

“आई म्हणते, कर,” मी म्हटलं.

“तुझी आई म्हणते?”

“हो.”

तिने हातातली जोडी पूर्ण केली. “तिला थँक्यू सांग,” ती म्हणाली.

तिला. मला ऐकू आलं ते. त्याच वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मोज्यांचा ढीग मध्ये होता, तो सरकवून बसता आलं असतं. मी खाली येऊन गवार फोडणीला टाकली.

*

नववा दिवस शुक्रवार निघाला, पण त्या दिवशी सगळ्यांच्या शिफ्ट होत्या. म्हणून शनिवार ठरला. मार्ता म्हणाली, एका दिवसाने माझी आई रागावणार नाही, ती स्वतः कधी वेळेवर आली नाही. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा.

सकाळी मी लॅबला निघाले तेव्हा फ्रिजवरची फळी रिकामी होती. देव वर आईच्या खोलीत गेले होते. कपाटावरचं पातेलं खाली आलं होतं. आई मक्याच्या पिठाची उकड काढत होती. मार्ताला लेस्टरमध्ये तिचं खरं पीठ कधी मिळालं नाही. बेलग्रेव्ह रोडवरच्या मक्याच्या पिठाच्या तिच्या पोळ्या नेहमी चिरायच्या, आणि दर वेळी ती ‘आय!’ म्हणायची. आईने ते दोनदा पाहिलं होतं. तिने गरम पाण्यात पीठ मळलं, तळव्याएवढ्या भाकऱ्या थापल्या, भाजल्या आणि ओल्या पंच्यात एकावर एक रचून ठेवल्या. मार्ता एक उचलून दोन्ही हातांत धरून उभी होती. चिरली नव्हती.

पुढच्या खोलीत फोटोला झेंडूचा हार होता. तो आईने देवळाजवळच्या दुकानातून आणला होता, आपल्याकडे घालतात म्हणून. त्यांच्याकडेही मेलेल्या माणसांना झेंडूच लागतो, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

लॅबमधून निघायला मला उशीर झाला. घरी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. दाराला खांदा लावला. आत वास भरला होता, दालचिनीचा, म्हणजे दुसरा तास संपत आला होता. जिन्यावर मार्ता बसली होती, फोनची वायर ताणून, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून. तिकडे सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि चर्चमध्ये नऊ दिवस झाल्यानंतरची प्रार्थना चालली होती. तिच्या भावाने मोबाइल वर धरला होता. जिन्यापाशी मलासुद्धा ऐकू येत होतं, बारीक, डब्यातून आल्यासारखं पुष्कळ माणसांचं गाणं. मार्ता ओठ हलवत होती. मला बघून तिने एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि डोळे मिटले.

किचनमध्ये गॅसपाशी आई होती.

जुनी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. हातात स्टीलचं लांब उलथनं. ती पातेल्यात वाकून, तळापासून, एकेक तुकडा उलटत होती. चष्म्यावर वाफ धरली होती. मला बघून ती थांबली नाही.

“खाली लागत होतं,” ती म्हणाली.

मी दारातच उभी राहिले. आईने आयुष्यात कधी मांसाच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावल्याशिवाय रस्ता ओलांडला नव्हता.

“मार्ताला हाक मारायची ना.”

“चर्चमध्ये आहे ती. तिथून कशाला उठवायचं?”

“दे, मी करते.”

“तू आधी हात धू. हॉस्पिटलातून आलीयेस.”

मी हात धुतले. वळले तर ती दुधाचं भांडं वाकवून बघत होती.

“हे घालायचं म्हणून काढून ठेवलंय तिने. आता घालू का, का अजून रंग यायचाय?”

मी पातेल्यात पाहिलं. तुकडे मऊ होऊन सुटायला लागले होते. “आता,” मी म्हटलं. “आणि मग गॅस मोठा करायचा.”

तिने विचारलं नाही, तुला कसं माहीत. दूध घातलं. चर्र आवाज आला, फेस वर चढला. तिने गॅस मोठा केला आणि पुन्हा उलथनं घातलं. “बासुंदीसारखंच आहे,” ती म्हणाली. “नजर हटली की संपलं.” मग काही वेळाने, माझ्याकडे न बघता, “खिडकी उघड जरा. शेजारच्या बिचारीचीही उघडीच असेल या उकाड्यात.” मी खिडकी उघडली. शेजारची खिडकी उघडीच होती आणि त्या दिवशी ती कुणी लावली नाही.

आम्ही तशाच उभ्या राहिलो. ती परतत होती, मी भाकऱ्यांवरचं फडकं पुन्हापुन्हा नीट करत होते. जिन्यातलं ते बारीक गाणं थांबलं. मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. मार्ता लगेच आली नाही. आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. तिने आईला बघितलं, पातेलं बघितलं. आईने उलथनं तिच्या हातात दिलं, जसं रांगेत कुणासाठी धरून ठेवलेली जागा आपण त्याला परत देतो, तितक्या साधेपणाने.

मार्ताने एक तुकडा कडेला घेऊन दाबला. तो सुटा झाला. तिने मान हलवली.

*

“मग आजी रागावली? नंतर?” ईशाने विचारलं.

“नाही.”

“काहीच नाही बोलली?”

“पुण्याला मावशीला फोन केला होता तिने दुसऱ्या दिवशी. इथे एका मुलीची आई गेली, तिचा दिवस होता, स्वयंपाकाला हात लावला, म्हणाली. काय स्वयंपाक ते नाही सांगितलं.”

“आणि तू सॉरी म्हणालीस? मार्ताला?”

मी दुधाचं पॅकेट उघडत होते. “नाही,” मी म्हटलं. “ती गेली तेव्हा विमानतळावर म्हणायचं ठरवलं होतं. तिच्या बॅगा जास्त भरल्या. आम्ही खाली बसून सामान काढत बसलो, आणि मग वेळ झाला.”

ईशा कट्ट्यावरून उतरली. “वेळ झाली,” तिने मला दुरुस्त केलं, आणि मग स्वतःच थांबली. “ऑर नॉट?”

“झाली,” मी म्हटलं. “बरोबर आहे तुझं.”

तिने दोन प्लेट्स काढल्या. मी गॅस मोठा केला आणि उलथनं घातलं.

*

त्या शनिवारी पाच वाजता लाँड्रीतली माणसं आली. सुपरवायझर, एक पोलिश बाई, दोन बहिणी, एक घानाचा उंच गृहस्थ, जो दारातून येताना वाकला आणि मग बराच वेळ वाकलेलाच राहिला. शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या. सगळे पुढच्या खोलीत फोटोपाशी बसले. मार्ताने थोडीशी प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आईनेही.

वाढायला आई उभी राहिली. पातेलं तिने टेबलावर आणायला लावलं आणि एकेका प्लेटमध्ये दोन भाकऱ्या, वर मांस, बाजूला मार्ताची हिरव्या मिरचीची चटणी, लिंबाची फोड असं वाढत गेली. माझ्या पुढ्यातली प्लेट रिकामी होती. मी ठरवलं होतं की पोटात बरं नाही म्हणायचं. दुपारपासून ठरवलं होतं, वाक्यही तयार होतं. आई माझ्यापाशी आली. पातेल्याच्या तळाशी उलथनं घासून तिने तपकिरी, कुरकुरीत झालेलं सगळं गोळा केलं आणि माझ्या प्लेटमध्ये ठेवलं.

“खरवड तुला लागते ना,” ती म्हणाली, आणि पुढच्या प्लेटकडे गेली.

तिने स्वतःसाठी सकाळचा वरणभात वाटीत घेतला होता. ती वाटी घेऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. तिच्यासमोर मी मांस खाल्लं, आयुष्यात पहिल्यांदा. पहिला घास घेताना मी वर पाहिलं, कारण दोन महिने मला त्याच नजरेची भीती होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मार्ताकडे बघत होती. मार्ताने भाकरीचा तुकडा मोडला होता, त्यात मांस धरलं होतं, आणि तो हात तसाच मांडीवर राहिला होता. लोक बोलत होते, चटणी तिखट आहे म्हणत होते. आईने वाटीतला भात कालवला होता, पण खाल्ला नव्हता. मग मार्ताने हात उचलला आणि घास तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

तेव्हा आईने वरणभात संपवला, वाटी धुवून पालथी घातली आणि वर आंघोळीला गेली.